चार मैलांची हद्द

१

सकाळी साडेसहाला चुलीवरून चहा उतरवायचा, गजराचं घड्याळ उशाशी ठेवायचं आणि नवऱ्याचं मनगट धरून बसायचं, हा रेवाबाईचा आता नेम झाला होता. खांडबारा स्टेशनच्या अलीकडे, रुळांना लागून, रेल्वेच्या गँगमनांसाठी सात खोल्या होत्या. त्यातली शेवटची छगन चावीवाल्याची. शेजारणी म्हणायच्या, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी रेवाला नवऱ्याचा हात सोडवत नाही. रेवाबाई हसायची, हसण्यात आकडा चुकायचा, आणि मग बिचारी पुन्हा एकपासून सुरुवात करायची.

रूळ ज्या लोखंडी पाचरींनी जागच्या जागी आवळलेला असतो त्यांना लाइनीवर चाव्या म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या सैल होतात. त्या बघायला रोज एक माणूस पायी जातो, तो चावीवाला. छगनची हद्द सत्तावन्न नंबरच्या मैलाच्या दगडापासून एकसष्टच्या दगडापर्यंत. सातला निघायचं, जाताना डावा रूळ बघायचा, येताना दुसरा, आणि एकच्या सुमाराला परत. सैल चावी दिसली की एक घाव जोराचा आणि त्यामागे एक हलका. ठण्‌, टिक. इतर चावीवाले सारखे दोन घाव घालत, त्यामुळे आवाजावरून लांबूनही कळायचं की हा छगन.

बारा वर्षं त्यात खंड नव्हता. काम आटोपलं की तो विहिरीवर पाय धुवायचा, हातोडा दाराच्या चौकटीला टेकवून ठेवायचा आणि दारातच उभ्यानं लोटाभर पाणी प्यायचा. तो यायच्या वेळी खोलीचं दार रेवाबाईनं कधी लावलं नव्हतं.

सहासष्ट सालच्या आषाढात छगन पुलावर पडला. हातोडा नदीत गेला आणि छगनला मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून नेलं. नंदुरबारहून मुंबईला, तिथल्या मोठ्या इस्पितळात. अडीच महिने रेवाबाई त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात राहिली.

तिथले डॉक्टर शांत स्वभावाचे होते. "याच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापानं खराब झालीय," ते म्हणाले. "त्यामुळे वरच्या कप्प्यांनी ठेका सोडलाय. ते आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात." गोळ्यांनी ते थांबेना, तेव्हा छातीवर यंत्राचे दोन तवे ठेवून विजेचा झटका दिला. तो दिवस रेवाबाईच्या पक्का लक्षात होता, कारण आदल्या दिवशी पोळा होता आणि तिला गावाकडची फार आठवण आली होती. एका झटक्यात ठेका परत आला.

"आता एक लक्षात ठेवा, बाई," डॉक्टर म्हणाले. "हृदय एकट्याच्या मर्जीनं चालत नाही. त्याला मेंदूकडून दोन नसा येतात. एक आवरते, एक पिटाळते. चढ चढला की ठोके वाढतात, बसला की उतरतात. श्वास आत घेतला की जरा भरभर, सोडला की जरा सावकाश. इतके दिवस ते नसांचं नीट ऐकत नव्हतं. आता ऐकायला लागेल. जरा वेळ लागेल."

"म्हंजे सारंगखेडाना बाजारमा नवा घोडाले लगाम लावतस तसं," छगन खाटेवरून म्हणाला. डॉक्टर हसले. रेवाबाईला ते हसू फार दिवसांनी आलेल्या पत्रासारखं वाटलं.

सिस्टरनं तिला नाडी मोजायला शिकवली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिनं वही केली. सकाळी साडेसहा, बहात्तर. संध्याकाळी सहा, बहात्तर. छगनला लांब श्वास घ्यायला लावून ती बोटांखाली बघायची. ठोके भरभर होत नव्हते आणि सावकाशही होत नव्हते. वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

२

दसऱ्यानंतर चारेक दिवसांनी दूध उतू गेलं, चूल विझली आणि रेवाबाईला मनगट धरायला सव्वासात झाले. मोजले तर शहाण्णव.

तिनं पुन्हा मोजले. अठ्ठ्याण्णव. छगन पाठीवर झोपलेला होता, तोंड किंचित उघडं, अंग थंड. तिनं त्याला हलवलं.

"काय व्हई ऱ्हायनं? छातीमा दुखस का?"

"नही व. झोपेल व्हतू मी," तो म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

त्या दिवशी ती जागची हलली नाही. आठनंतर नाडी एकशे दहावर गेली. पावणेनऊला ऐंशीवर आली, दहा मिनिटं तिथेच राहिली आणि पुन्हा चढली. हे असं दुपारी एकपर्यंत. मग कुणीतरी मटकन खाली बसावं तशी नाडी उतरली, आणि पुन्हा बहात्तर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तिच्या वहीत फक्त साडेसहा आणि सहाचे आकडे होते, म्हणून मधलं हे सगळं तिला आजवर दिसलंच नव्हतं.

नंदुरबारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वही नीट वाचली. "बारा वर्षं हा माणूस सात ते एक चालत होता ना? शरीराला सवय असते. अंथरुणावर पडला तरी नसांना वाटतं, निघायची वेळ झाली."

रेवाबाईचा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण हे थांबलं पाहिजे. खराब झडपेचं हृदय आहे. रोज सहा तास असं पळालं तर महिनाभरात दमेल. यांना पूर्ण विश्रांती द्या."

अंथरुणावर पडलेल्या माणसाला आणखी कसली विश्रांती द्यायची, हे विचारायचं तिच्या मनात आलं. पण दाराशी रांग होती आणि ती उठली.

३

लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा हौसेनं ती छगनबरोबर सगळी हद्द चालली होती. त्यामुळे वाट तिला ठाऊक होती. दुसऱ्या मैलाला टेकडी कापून काढलेला चढ. तिसऱ्या मैलाला पूल, तिथे छगन कठड्यावर बसून बिडी ओढायचा.

आठ वाजता चढ. पावणेनऊला बिडी.

वहीतले आकडे असे वाटेवर बसायला लागले तेव्हा तिला भीती वाटली नाही, उलट जरा बरंच वाटलं. डॉक्टर म्हणाले ते खरं होतं. सवयच ही. माणूस बायकोला विसरेल पण पायाखालची वाट विसरायचा नाही, असं तिनं शेजारणीला हसत सांगितलंसुद्धा.

पुढच्या गुरुवारी साडेनऊला काही कारण नसताना नाडी उतरली. एकशे चारवरून अठ्ठ्याऐंशी. ही चढाची वेळ नव्हती, बिडीची नव्हती, काहीच नव्हती. रेवाबाई बोट न हलवता बसून राहिली. चार मिनिटं गेली आणि नाडी पुन्हा एकशे चारवर गेली.

त्यानंतर लांबून इंजिनाची शिटी ऐकू आली.

मालगाडी त्या दिवशी पाऊण तास उशिरा धावत होती. पुलाच्या बाजूनं ती आली, खोल्यांवरून धडधडत गेली, ताटल्या वाजल्या. गाडी आली की चावीवाला रूळ सोडून बाजूला उभा राहतो आणि ती पुढे गेली की चालू लागतो. तिसऱ्या मैलापलीकडे त्यासाठी कुणीतरी बाजूला उभं राहिलं होतं, गाडी इथं पोचायच्या आधी.

रेवाबाईनं स्वतःला खूप समजावलं. रुळांतून हादरा आधी पोचत असेल. खाट लोखंडी आहे. आपलं मोजणंच चुकलं असेल. पण सवयीला गाडीचा उशीर कसा कळेल, या एका प्रश्नापाशी तिचं सगळं शहाणपण येऊन थांबत होतं.

त्या संध्याकाळी छगन म्हणाला, तळपाय फार दुखताहेत. अडीच महिने इस्पितळात आणि महिनाभर घरात, तो खाटेवरून फक्त मोरीपर्यंत जात होता. तिनं तळपायांना तेल लावलं. टाचांना नवे घट्टे पडले होते.

४

छगनच्या जागी पितांबर नावाचा माणूस आला होता, धानोऱ्याचा, उंचापुरा, हसतमुख. दिवाळी झाली आणि तो फराळाला म्हणून आला. चिवड्याची ताटली त्यानं मांडीवर घेतली आणि ती तशीच राहिली.

"छगनभाऊ झोपेल शे का?" त्यानं हळू विचारलं.

"झोपेल शे. बोला ना."

"वहिनी, पोळापाईन एक बी चावी ढिली सापडनी नही माले."

रेवाबाईला आधी वाटलं, पठ्ठ्या कामाची बढाई मारतोय. पण त्याचं तोंड बढाईचं नव्हतं.

"आषाढमा रोज दहा-बारा सापडेत," तो म्हणाला. "पोळा झाया आनि बंद. पहिले बरं वाटनं. मंग वाटनं, मन्हा पुढे कोनीतरी ठोकी जास. आज सकायले गारठा व्हता ना? तिसरा मैलले एक चावीले हात लाया. गरम व्हती."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत छगनला झटका दिला होता. रेवाबाईनं हे मनातल्या मनात मोजलं.

"आवाज येस का?" तिनं विचारलं.

पितांबरनं ताटलीच्या कडेवर दोन टिचक्या मारल्या. "एक घाव जोरमा, एक हलका," तो म्हणाला.

"तुम्हीन दखं का कोनले?"

"नही. मी जरा मांगेच चालस. वळणवर ते थांबीच जास." त्यानं ताटली खाली ठेवली. "माले दखनं बी नही."

५

गँगचा मुकादम मोतीलाल हा सगळ्या खोल्यांचा कारभारी. भुताखेताचं नाव काढलं की शिव्या देणारा. रेवाबाईनं त्याला बाकी काही सांगितलं नाही. छगनच्या जिवाला हद्दीचा घोर लागलाय आणि त्यानं नाडी धावते, एवढंच सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

"वहिनी, कागदवर पितांबरना नाव कव्हाच लागी गयं," मोतीलाल म्हणाला.

"कागद ऱ्हावू द्या, मुकादम," खाटेवरून छगन म्हणाला. तो जागा आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. "चार्ज मी दिधा नही कोनले. पुलवर पडनू, तसाच उचली लई गयात."

मोतीलाल खाटेशी येऊन बसला. कागदाचं वेगळं, आणि लाइनीवरच्या माणसांची रीत वेगळी. हद्द सोडणाऱ्यानं आपल्या हातानं हातोडा पुढच्याच्या हातात द्यायचा, दगडांचे नंबर तोंडानं म्हणायचे, आणि पुढच्यानं घेतली म्हणायचं. तोवर हद्द पहिल्याचीच. सुट्टीला जाणारा, बदलीवर जाणारा, सगळे हे करत. छगनच्या वेळी त्याची शुद्ध गेली होती आणि पितांबरला नवा हातोडा स्टोअरमधून मिळाला. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"मंग दी टाकू चार्ज," मोतीलाल म्हणाला. "एवढी काय मोठी गोट शे?"

सोमवारी सकाळी पावणेसातला मोतीलाल आणि पितांबर खोलीत आले. पितांबरनं आपला हातोडा छगनच्या मांडीवर ठेवला. छगननं तो उचलला, तोलून बघितला, नव्या दांड्यावरून हात फिरवला. रेवाबाईनं त्याचं डावं मनगट धरलेलं होतं.

"दगड सत्तावन्न ते दगड एकसष्ट," छगन म्हणाला. "लाइन सलामत शे. तुन्हा ताबामा दिधी."

"लिधी," पितांबर म्हणाला.

तिच्या बोटांखालचा एक ठोका आलाच नाही. मग पुढचा आला, जरा उशिरानं, आणि नाडी चालू लागली. पितांबर हातोडा खांद्यावर टाकून बाहेर पडला.

"आते हलकं वाटी ऱ्हायनं," छगन म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रेवाबाईलाही रडू आलं, पण ते सुखाचं होतं.

६

सात वाजले, सव्वासात वाजले. बहात्तर. आठ वाजता, चढाच्या वेळेला, बहात्तर. तिनं त्याला लांब श्वास घ्यायला सांगितलं, आणि बोटांखाली ठोके जरा भरभर झाले. श्वास सोडला, सावकाश झाले. तिनं हे पाच वेळा करून घेतलं. शेवटी तो वैतागला.

"घोडानं लगाम मानं का?" त्यानं विचारलं.

"मानं," ती म्हणाली. तिनं त्याच्या आवडीची उडदाची डाळ शिजत घातली, भाकरी थापल्या, आणि मधेच एक गाणं गुणगुणायला लागली, जे तिनं इस्पितळाच्या व्हरांड्यात सोडून दिलं होतं.

एकला थोडा अवकाश होता तेव्हा रुळांवरून पितांबरची हाक आली. "वहिनी, अकरा सापडन्यात. एकदम ढिल्या." त्यानं हात हलवला आणि तो स्टेशनकडे निघून गेला. इतक्या आनंदानं कुणी सैल चाव्या मोजल्या नसतील.

ती हसत आत आली आणि जेवायला उठवायच्या आधी सहज मनगट धरलं. शहाऐंशी.

घाई नव्हती त्या नाडीला. चढ चढणाऱ्याची नव्हती ती. तिनं छगनला श्वास रोखायला सांगितलं. शहाऐंशीच राहिली.

आजवर एक वाजता ती नाडी सत्तावन्नच्या दगडापाशी बसून घ्यायची. दगड इथून पाव मैलावर होता, पण बारा वर्षं रोज घरी येणारा माणूस पोळ्यापासून एकदाही त्या दगडाच्या अलीकडे आला नव्हता. का आला नव्हता, ते तिला आता कळलं. पुलावर पडला त्या दिवसाची ड्युटी संपलीच नव्हती, आणि ड्युटी संपल्याशिवाय तो घरी येत नाही. आणि ती संपवली होती तिनंच, मुकादमाला सांगून.

विहिरीवर रहाट वाजला. तिथे जाणारं कुणी नव्हतं. बाकीच्या बायका बाजाराला गेल्या होत्या. पाणी ओतल्याचा आवाज आला, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. त्या प्रत्येक वेळी नाडी बोटाखाली किंचित दचकली, गार पाणी लागल्यासारखी.

रेवाबाई उठली आणि तिनं दार लावून कडी घातली.

७

खोली एवढीशी होती की खाटेवरून दाराला हात पोचायचा. ती परत बसली, मनगट धरलं. चौसष्ट. बाहेर, चौकटीला काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला. जड, ओळखीचा. त्यानंतर काही नाही.

छगन जागा होता आणि छताकडे बघत होता. त्याचा चेहरा शांत होता. तिला वाटलं, काही बोलू नये यानं.

"रेवा, दार उघाड," तो म्हणाला.

"बाहेर कोनी नही."

"कव्हना उभा शे मी."

तिनं मनगट सोडलं नाही. दार लावलेलं आहे तोवर जे बाहेर आहे ते बाहेर राहील आणि ही नाडी चालू राहील, एवढाच एक विचार तिनं घट्ट धरून ठेवला. पितांबरला हाक मारावी, चार्ज परत मागून घ्यावा, हातोडा पुन्हा छगनच्या मांडीवर ठेवावा, असंही तिच्या मनात आलं. पण पितांबर स्टेशनवर पोचला असेल, आणि त्याच्यापर्यंत जायला दारातूनच जावं लागणार होतं.

दोन वाजले. साठ. अडीच वाजले. चोपन्न. उभं राहून राहून माणूस मंदावतो तशी ती मंदावत होती. छगनचे ओठ सुकले होते. तिनं लोटा भरून त्याच्या तोंडाला लावला. त्यानं सगळा प्यायला. दुसरा लोटा प्यायला. ओठ पुन्हा तसेच कोरडे.

"तहान जात नही," तो म्हणाला.

"आनखी देऊ का?"

"माले नको." त्यानं दाराकडे मान वळवली. "दारमा दे."

दाराच्या फटीखालून उन्हाची पट्टी आत येत होती. त्या पट्टीत मधोमध, एकमेकांशेजारी, दोन जागा काळ्या होत्या. त्या हलत नव्हत्या. पट्टीच्या कडेनं थोडं पाणी आत झिरपलं होतं.

अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. दार लावून ठेवलं म्हणून हे थांबणार नव्हतं. तो बाहेर उभ्या उभ्या संपेल, नाहीतर आत येईल, एवढाच काय तो फरक. अकरा वर्षांत तिनं त्याला दारात ताटकळत ठेवलं नव्हतं. पावसात नाही, वैशाखात नाही, भांडण झालं होतं त्या दिवशीही नाही. तिला एकदम स्वतःची लाज वाटली. भीतीपेक्षा ती लाज मोठी होती.

तिनं तिसरा लोटा भरला आणि उंबऱ्यापाशी, दाराच्या आड येणार नाही असा ठेवला. उजव्या हातात त्याचं मनगट, नजर घड्याळावर, आणि डाव्या हातानं तिनं कडी काढली. घड्याळाचा सेकंदकाटा बारावरून निघाला होता, म्हणून ती सवयीनं मोजत होती. पंचवीस, सव्वीस.

दार आत उघडलं. अंगणात ऊन होतं आणि विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत ओल्या पावलांची रांग होती. चौकटीला हातोडा टेकवलेला होता, गंजलेला, दांड्याला नदीतलं शेवाळ. ती पुढे काही बघणार तोच उंबऱ्यावरचं ऊन झाकोळलं, जसं कुणी आत यायला वाकलं की झाकोळतं, आणि लोट्यातलं पाणी हललं.

तिनं नजर झटकन घड्याळाकडे वळवली. चौतीस, पस्तीस. छगननं समाधानानं श्वास सोडला, दिवसभर चालून आलेला माणूस खाटेवर टेकताना सोडतो तसा. सदतीस. अडतीस.

एकोणचाळीस.

घड्याळ टिकटिक करत राहिलं. रेवाबाईनं चाळीस म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.